फुगडीच्या सहा बाहुल्या आणि त्यांच्या बोटभर नऊवारी

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. गणपतीसमोरच्या देखाव्यात फुगडीचा फेर धरलेल्या सहा बायका मांडायच्या, असं ८ जूनला ठरलं. प्रत्येक बाहुली १३ सेंटिमीटर उंच. चौघींना काष्ट्याची नऊवारी, दोघींना लाल चौकड्याचं कुणबी कापड, आणि सहाही जणींना चोळी. बाहुल्यांचं अंग तारेचं आणि कापसाचं, डोकी हवेत सुकणाऱ्या मातीची. ते काम आठवड्यात उरकलं. पुढचे दहा आठवडे फक्त कपड्यांत गेले. मोठ्या बाहुलीचे कपडे ज्यांना शिवता येतात, त्यांनाही या मापात नव्याने शिकावं लागतं. कुठे काय अडलं आणि त्यावर काय चाललं, ते तारखांनुसार लिहिते आहे.

प्रमाण एकास बारा धरलं, म्हणजे खऱ्या माणसाचा एक फूट हा बाहुलीचा एक इंच. खरी मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन बाराने भागायची: कंबर ६ सेंमी, छाती ७.२ सेंमी, कमरेपासून घोट्यापर्यंत ८ सेंमी. पोज आधी ठरवावी, कपडे मागाहून. फुगडीत बायका कमरेत वाकलेल्या असतात आणि त्यांचे हात पुढे गुंफलेले असतात. सरळ उभ्या बाहुलीच्या मापाने शिवलेली चोळी ती वाकली की पाठीवर वर चढते. म्हणून आधी सगळ्या तारा वाकवून, सहाही जणींना पुठ्ठ्यावर उभं करून, फेर जमतो का ते बघितलं. मगच माप घेतलं.

१३ जूनला, शुक्रवारी, डिचोलीहून म्हापशाला बाजारासाठी गेले. मलमल १३० रुपये मीटर मिळाली. चार रंगांत अर्धा-अर्धा मीटर घेतली, त्याचे २६० झाले. भरतकामाच्या मशीनचा बारीक चमकदार दोरा, सहा रिळं, १५०. सगळ्यांत बारीक, १२ नंबरच्या सुयांचं पाकीट ३०. तीन मिलिमीटरची साटीन रिबीन चार मीटर, ३२. दीड मिलिमीटरचे मणी, दोन पुड्या ६०. औषधांच्या दुकानातून एक आर्टरी फोर्सेप, १८०. हा चिमटा महाग वाटला तरी घ्याच. पेन्सिलीपेक्षा बारीक बाही उलटवायला दुसरं काही कामाला येत नाही. चोळीसाठी कापड विकत घेऊ नये. टेलरकडे खणाच्या आणि सुती अस्तराच्या चिंध्या पडलेल्या असतात, मागितल्या की देतात, आणि एक चोळी तळहाताएवढ्या तुकड्यात बसते. तार, कापूस, माती, चिकटपट्टी, डिंक, थर्माकोल आणि भरतकामाच्या लडी धरून एकूण १,३१२ रुपये खर्च आला. बसभाडं वेगळं.

कापड निवडताना खाली लिहिलेलं मोजमाप दुकानातच करावं. कापडाचे दहा थर करून दोन बोटांत घट्ट दाबायचे आणि पट्टीने जाडी मोजायची. दोन मिलिमीटर किंवा कमी भरली तरच घ्यायचं. मलमल जेमतेम बसते, पॉपलीन बसत नाही. लांबी-रुंदी बाराने भागता येते, जाडी भागता येत नाही. ०.२ मिलिमीटरची मलमल बाहुलीच्या अंगावर २.४ मिलिमीटरची होते, म्हणजे जाड चादरच. या कामातली जवळजवळ प्रत्येक अडचण या एका गोष्टीतून निघते. नेहमीचा शिलाईचा दोरा पाव मिलिमीटर असतो, तो बाहुलीवर सुंभासारखा दिसतो. एक सेंटिमीटरच्या मायेला (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाला) चार पदरी शिवण आली की ती कुबडासारखी वर येते.

धुण्यात चार दिवस गेले, कारण लाल आणि जांभळी मलमल रंग सोडत होती. साध्या पाण्यात भिजवून पाणी बदलत राहायचं. ओलं कापड पांढऱ्या रुमालावर दाबून डाग येणं थांबत नाही तोवर ते पुरेसं धुतलं असं समजू नये. पुढे निऱ्या बसवताना कापड पुन्हा ओलं होणारच असतं, आणि शेजारच्या पांढऱ्या धाग्यात लाल उतरला तर तो निघत नाही.

२० जूनला चोळीचा साचा काढला. बाहुलीच्या धडावर आधी स्वयंपाकघरातली पारदर्शक चिकट फिल्म गुंडाळायची, तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे लहान तुकडे लावायचे. मग पेन्सिलीने खांदा, बगल, मुंढा (बाही जोडायची जागा), गळा आणि पाठीची मधली रेष काढायची. त्या रेषांवर कात्रीने कापून पट्टी सोलली की साचा हातात येतो. छातीवर तो सपाट बसत नाही, तिथे एक बारीक टक (आकारासाठी शिवलेली चिमटीची घडी) घ्यावा लागतो. या मापात टक शिवला की टोकाला गाठ दिसते, म्हणून टक न घेता खालच्या काठावर दोन टाक्यांत चुणी धरून ओढलं. तेच चांगलं दिसलं. साचा आधी टिश्यू पेपरवर कापून बाहुलीला घालून बघावा, मगच कापडावर ठेवावा. माया तीन मिलिमीटर सोडायची. घेरात सहा मिलिमीटर सैल ठेवायचं. पहिल्या चोळीत तीनच ठेवले होते, आणि कापडाच्या जाडीनेच ती जागा खाल्ली. बाही दंडावर अडकली आणि मुंढ्यात उसवली.

मलमलीचे धागे तीन मिलिमीटरच्या मायेत लगेच निघतात. त्यावर उपाय असा: साचा कापडावर पेन्सिलीने आखायचा, पण कापायचा नाही. एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाणी मिसळून बारीक ब्रशने त्या रेषेवर फिरवायचं. सुकलं की रेषेवरच कापायचं. मिश्रण घट्ट झालं तर सुई आत शिरत नाही आणि कापड चकाकतं, म्हणून आधी चिंधीवर बघावं. नेलपॉलिश अनेक जणी वापरतात, पण त्याने काठ पत्र्यासारखा कडक होतो आणि काही महिन्यांत पिवळा पडतो. खणाच्या चिंधीवर फेविकॉल पाण्यासारखं पातळ असेल तर ते आतून पसरून काळपट डाग पाडतं. तिथे ब्रश जवळजवळ कोरडा हवा.

शिवण्याचा क्रम मोठ्या चोळीसारखा ठेवू नये. आधी खांदे जोडायचे. गळ्याला पट्टी लावायची नाही, दोन मिलिमीटरवर बारीक कात्रे देऊन माया आत वळवायची आणि डिंकाच्या टिंबाने बसवायची. बाहीचा खालचा काठ बाही सपाट असतानाच दुमडून घ्यायचा. मग बाही मुंढ्याला सपाटच जोडायची. बाहीची बगल आणि चोळीची कड एकाच शिवणीत, मनगटाकडून कमरेकडे. शिवण झाली की माया दीड मिलिमीटरवर कापायची आणि चिमट्याने बाही उलटवायची. काठ एकदाच दुमडायचा, दोनदा कधीच नाही. पाठ उघडी ठेवून चोळी बाहुलीला घालायची आणि अंगावरच टाके घालून बंद करायची. एवढ्या लहान मापाचे हुक मिळत नाहीत, आणि फेरात पाठ दिसत असल्याने तीन मणी ओळीत शिवले की बटणांचं काम भागतं.

हाताचा टाका एक मिलिमीटरचा, धावदोरा, आणि प्रत्येक पाचव्या टाक्याला एक उलट टाका. उजेड चांगला असेल तर एका चोळीला अडीच तास लागतात. मशीनवर फक्त नऊवारीच्या लांब शिवणी केल्या. नऊ नंबरची सुई, टाक्याची लांबी दीड. मशीनने पहिलाच तुकडा दातऱ्यांच्या (कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या) खाचेत ओढून गिळला. कापड हलकं असल्याने सुई त्याला खाली ढकलते आणि दातऱ्यांना धरायला काही मिळत नाही. खाली बटर पेपरची पट्टी घातली, शिवण चिंधीवर सुरू करून तिथून कापडावर आणली आणि सुरुवातीला दोन्ही दोरे मागे धरून ठेवले. मग एकदाही अडकलं नाही. कागद शिवणीच्या रेषेवर हलक्या हाताने फाडून काढायचा.

सहा चोळ्या ४ जुलैला झाल्या. मग नऊवारी.

इथे सरळ हिशेब केला तर हमखास फसतं. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, भागिले बारा, ६८.६ सेंटिमीटर. पन्हा साडेनऊ सेंटिमीटर. तेवढी पट्टी कापून खऱ्या नऊवारीसारखी नेसवून बघितली. बाहुलीची कमर सहावरून साडेआठ सेंटिमीटर झाली आणि काष्टा दोन पायांत न मावल्याने पाय फाकले. कापडाला वजन नसल्याने निऱ्या खाली पडायच्या ऐवजी पंख्यासारख्या फुलून उभ्या राहिल्या.

आता गावोगावचे टेलर शिवलेली नऊवारी देतात, पायात घालायची आणि नाडी बांधायची. बाहुलीची नऊवारी तशीच शिवायची. पाच तुकडे लागतात. पायांचे दोन, प्रत्येक ९ सेंमी उंच, वरून ९ सेंमी आणि खालून ६ सेंमी रुंद. आतली शिवण खालून ६ सेंमीपर्यंत, वरच्या तीनात दोन्ही पाय मध्ये जोडायचे. पुढच्या निऱ्यांसाठी ७ सेंमी लांब आणि साडेसात सेंमी उंच तुकडा. काष्ट्याला ३ सेंमी रुंदीची ७ सेंमी पट्टी, चुण्या घालून आठ मिलिमीटरवर आणलेली. पदर १८ सेंमी, पूर्ण पन्ह्याचा. लांबीचा हिशेब केला तर ४६ सेंमी होतात, ६८ नव्हे, आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. पायांचे आणि पदराचे तुकडे ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या, दिशेने कापावेत, आडव्या धाग्यावर कापलेला पदर खांद्यावरून ताठ उभा राहतो.

निऱ्या पाचच, प्रत्येक सात मिलिमीटरची. दहा घातल्या तर कापडाचे वीस थर कमरेत येतात, चार मिलिमीटर जाडी. पाच निऱ्यांतही फक्त सगळ्यांत वरची निरी कमरेपर्यंत न्यायची. तिच्या खालची दोन मिलिमीटरने खाली छाटायची, त्याखालची चारने, अशी उतरंड ठेवायची. कमर सपाट राहते.

निऱ्या बसवणं हे पावसाळ्यात गोव्यात बसून करायचं काम नाही, पण चवथ भाद्रपदात येते, त्यामुळे दुसरी सोय नाही. पहिल्या खेपेला तांदळाच्या पेजेची खळ दिली, थर्माकोलवर साध्या टाचण्यांनी निऱ्या टोचून ठेवल्या. आठ जुलै, बाहेर संततधार. दोन दिवसांनीही कापड दमट होतं आणि प्रत्येक टाचणीपाशी तांबूस गंजाचा ठिपका. लिंबू-मीठ चोळून ठिपके फिके झाले, गेले नाहीत, तो तुकडा टाकावा लागला. उरलेल्या एका तुकड्यावर पेजेच्या खळीने आठवड्यात बुरशी धरली. झुरळांनाही ती आवडते.

मग पद्धत बदलली. टाचणीऐवजी माडाच्या झाडूचे हीर घेतले, सोलून, बारीक कागदाने घासून. थर्माकोलवर पारदर्शक फिल्म ताणली. ओल्या कापडाची निरी घालायची, तिच्यावर हीर आडवा ठेवायचा, पुढची निरी, पुढचा हीर, आणि हिराची टोकं रबराने बांधायची. पेजेच्या जागी तेच एकास चार फेविकॉलचं पाणी, फवारून नाही, ब्रशने. केस वाळवायच्या यंत्राने मंद वाऱ्यावर वीस मिनिटं. नंतर हीर काढून केस सरळ करायच्या चिमट्याने, सगळ्यांत कमी उष्णतेवर, कागदात धरून एकेक निरी दाबली. या चिमट्यापेक्षा चांगली इस्त्री या मापाला नाही. खालच्या काठात, दुमडीच्या आत, केसाएवढी बारीक तांब्याची तार घातली की निऱ्या खाली लोंबतात आणि वाकलेल्या पोजमध्ये हव्या तशा वळवता येतात. तार जुन्या इअरफोनच्या वायरीतून निघाली.

काठासाठी तीन मिलिमीटरची रिबीन दोन बाजूंनी टाके घालून लावली की जाडी वाढते. वरच्या कडेला टाके आणि खालची कड डिंकाने, एवढं पुरतं. खरी जर वापरू नये, तिचा धागा या मापात दोरखंड दिसतो. भरतकामाच्या सोनेरी दोऱ्याचे सहा पदर सुटे करून त्यातला एक काठावर आडवा ठेवून टाचला.

नेसवायचा क्रम: चोळी, पाय, काष्टा मागे खोचून टाचायचा, निऱ्या, शेवटी पदर. फुगडीत पदर कमरेला खोचलेला असतो, त्यामुळे पदराचं टोक कमरेत घालायचं आणि तिथली जाडी झाकायला वरून एक पदरी पट्टी गुंडाळायची. एका बाहुलीला पूर्ण एक दिवस. चौघी २५ जुलैला नेसून झाल्या.

कुणबी कापड सोपं वाटतं, कारण नेसणं आखूड आणि काष्टा नाही. अवघड आहे तो चौकडा. बाजारातला बारीकात बारीक चौकड्याचा रुमाल तीन मिलिमीटरचा, बाहुलीवर तो टेबलक्लॉथ दिसतो. पांढऱ्या जेल पेनने रेषा आखल्या तर निरीच्या घडीवर शाई तडकते आणि ओल्या हाताने पुसते. शेवटी धागे बदलले. लाल मलमलीत सेंटिमीटरला साधारण २८ धागे असतात. प्रत्येक सहावा धागा सुईच्या टोकाने थोडा उचलायचा, कापायचा, त्याच्या टोकाला पांढरा धागा डिंकाच्या टिंबाने जोडायचा आणि दुसऱ्या टोकाकडून हळू ओढायचा. गाठ मारू नये, ती अडकते आणि कापड चुणतं. उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी केलं की दोन मिलिमीटरचा चौकडा तयार होतो. दहा सेंटिमीटरहून लांब धागा ओढताना तुटतो, म्हणून फक्त समोरून दिसणारा भाग, १० गुणिले साडेनऊ, असा केला. त्यात साधारण ९२ धागे आणि तीन-चार तास गेले. बघणाऱ्याला न दिसणारा भाग साधा लालच ठेवला. एका रंगावर दुसरा रंग विणलेला आहे की छापलेला आहे हे डोळ्याला कळतं, या मापातसुद्धा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी जे कापड पुन्हा लोकांच्या नजरेत आणलं, त्याच्यावर पेनने रेघा मारायला माझं मनही घेत नव्हतं.

कुणबी नेसणीतली खांद्यावरची गाठ खरी मारू नये. दोन कोपरे बांधले की लिंबाएवढा गोळा दिसतो. कोपरे एकावर एक ठेवून टाचायचे आणि वरून आठ मिलिमीटर रुंद तिरप्या कापडाची तीन सेंटिमीटर पट्टी गाठीसारखी वळवून शिवायची. तिरपं कापड वळणावर मोडत नाही.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा केस आणि फुलांचा. अंबाड्याला काळा रेशमी दोरा. आबोलीची फाती (गजरा) करायला भरतकामाच्या केशरी दोऱ्याचा एक पदर घेऊन त्यावर जवळजवळ गाठी मारत जायचं. २० गाठींची साखळी अंबाड्याभोवती एकदा फिरते. आबोलीचा केशरी आणि झेंडूचा केशरी वेगळा असतो, आबोलीत किंचित गुलाबी छटा हवी. लडी निवडताना खरं फूल बरोबर न्यावं.

सुयांसाठी एक सूचना: या हवेत सुई कापडात टोचून रात्रभर ठेवू नये. काम थांबलं की पुसून, मेणबत्तीवर घासून, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डबीत ठेवायची.

२६ ऑगस्टला मांडणी केली. माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या) बरोबर खाली बाहुल्या ठेवू नयेत, वरून पानं, चीक, मुंग्या पडतात. समईपासून दोन हात लांब. डिंक लावलेली सुकी मलमल चटकन पेटते. उदबत्तीची राख पडू नये म्हणून ती उलट बाजूला. हळद-कुंकवाची ताटं येता-जाता लवंडतात, तेव्हा बाहुल्या पाटावर चढवून ठेवलेल्या बऱ्या.

विसर्जनानंतर ओळखीच्या दोन घरांतून अशाच बाहुल्या विकत मिळतील का म्हणून विचारणा झाली, आणि कागदपत्रांचा भाग सुरू झाला. विकायचं असेल तर खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० माहीत हवा. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. 'शोभेची वस्तू' अशी चिठ्ठी लावली की झालं, असं मात्र समजू नये. तरी चिठ्ठी लावावीच, कारण मणी आणि तार लहान मुलाच्या तोंडात जाण्याजोगी असते.

कारागिराच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे पहचान कार्डासाठी, १५ सप्टेंबरला अर्ज केला. आधार, त्याला जोडलेला मोबाईल, बँकेचं पासबुक, फोटो. कलेच्या रकान्यात 'बाहुल्या व खेळणी' निवडायचं, 'शिवणकाम' लिहू नये. फी लागली नाही. पासबुकावरचं नाव आणि आधारावरचं नाव एका अक्षराने वेगळं होतं म्हणून अर्ज एकदा परत आला. ते बँकेतून दुरुस्त व्हायला बारा दिवस गेले. नावं आधीच जुळवून बघा. पडताळणीला काम प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितलं. पूर्ण झालेली बाहुली, अर्धी नेसवलेली एक, कापलेले सुटे तुकडे आणि साचे अशी मांडणी करून ठेवली होती, आणि समोर बसून एक बाही मुंढ्याला जोडून दाखवली. दहा मिनिटं लागली. कार्ड अजून यायचं आहे.

बाहुल्या आता पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या आहेत, प्रत्येकीभोवती पांढरा टिश्यू पेपर, वर्तमानपत्र नाही, त्याची शाई मलमलीला लागते. डांबराच्या गोळ्या न ठेवता कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत, आणि सिलिका जेल. दर महिन्याला एकदा खोकं उघडून सावलीत तासभर हवा द्यायची.